बाजारातले शिल्प त्या बाजारातूनच घडू द्या : मराठवाड्यातील व्यापारी बांधवांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील व्यापारी संघटनांचे पदाधिकारी, कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे संचालक आणि व्यापारी संकुले व मॉल उभारणारे बांधकाम व्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी या आपल्या शहरांत गेल्या काही वर्षांत जी नवी व्यापारी संकुले उभी राहिली, त्यांच्या दर्शनी भागात काहीतरी शोभेचे ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. कुठे फायबरची हरणे असतात, कुठे सोनेरी रंग दिलेला हत्ती असतो, कुठे शहराच्या नावाआधी लाल बदाम लावलेली प्रकाशमान अक्षरे असतात, तर कुठे मधल्या चौकात छतापासून टांगलेली फुलपाखरे सणापुरती झुलतात आणि मग माळ्यावर जातात. यावर आपण हौसेने खर्च करता, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला घटकाभर प्रसन्न वाटावे हा त्यामागचा हेतू मला मनापासून आवडतो. मी शिल्पकला शिकवते आणि शिल्पे घडवते. हे पत्र मी त्या हेतूच्या बाजूने उभी राहून लिहीत आहे. माझी विनंती अशी की जे शिल्प किंवा मांडणशिल्प, म्हणजे जागेत वस्तू मांडून रचलेली कलाकृती, आपण आपल्या जागेत उभे करणार आहात, ते कॅटलॉगमधून निवडून आणू नका. ते त्या जागेकडे पाहून, त्या जागेसाठी आणि इमारतीचा नकाशा अजून कागदावर असतानाच घडवून घ्या.

फायबरचा हत्ती लातूरच्या संकुलातून उचलून सुरतेच्या संकुलात ठेवला, तर हत्तीचे काही बिघडत नाही आणि लातूरचेही काही बिघडत नाही. जागेतून घडलेले शिल्प असे उचलता येत नाही. त्याची उंची त्या चौकाच्या उंचीवरून ठरलेली असते, त्याचे तोंड कुठे असावे हे माणसे कोणत्या दाराने आत येतात यावरून ठरते, त्याचा पोत तिथे कोणत्या प्रहरी कसे ऊन येते ते पाहून निवडलेला असतो आणि त्याचे द्रव्य बहुतेक वेळा त्या पेठेच्या व्यापारातूनच येते. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये अनीश कपूर यांचे 'क्लाउड गेट' हे पोलादी शिल्प आहे. २००६ साली पूर्ण झालेले हे काम १६८ पोलादी पत्रे जोडून, सांधे दिसणार नाहीत इतके घासून तयार केलेले आहे, आणि ते तिथे शोभते याचे कारण त्याच्या पाठीवर शिकागोच्या उंच इमारतींची रांग आणि तिथले आकाश उतरते. त्याची छोटी चकचकीत नक्कल आपल्या संकुलासमोर ठेवली, तर तिच्यात वाहनतळ आणि विजेच्या तारा दिसतील. शिल्पकाराने शिकागोसाठी केलेला विचार आपल्यासाठी पुन्हा नव्याने करावा लागतो.

व्यापाऱ्यांना कलेशी काय करायचे आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला मराठवाड्याचाच इतिहास दाखवावा. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी सातमाळा डोंगरात, जुन्या व्यापारी मार्गाजवळ आहेत. तिथल्या एका स्तंभावर सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, आणि तो स्तंभ प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, गांधिक कुळातील मितदेवाचे दान असल्याचे त्यात नोंदले आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी. याच लेण्यांत सापडलेली एक ठेंगणी, हसतमुख यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे तिच्या हातावरच कोरलेले आहे. अत्तरांच्या पेठेतला पैसा आणि सराफ्यातला हात यांनी मिळून या डोंगरातली कला उभी केली. आपण त्यांचे वारस आहात असे मी मानते, आणि म्हणूनच ही मागणी सरकारकडे करण्याआधी आपल्याकडे करत आहे.

त्याच डोंगररांगांच्या टोकाला वेरूळ आहे. तिथले कैलास लेणे, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कातळाच्या माथ्यापासून खाली पायथ्याकडे खोदत नेले गेले. कळस आधी आणि पाया शेवटी असे हे काम आहे. ते हलवून दुसरीकडे नेण्याची कल्पनाही करता येत नाही, कारण त्याची जागा आणि ते स्वतः एकच आहेत. जगभर आज ज्या प्रकारच्या शिल्पाची चर्चा कलाशाळांतून होते, त्याचा इतका ठळक दाखला आपल्याच मराठवाड्यात असताना आपण आपल्या संकुलासाठी ट्रकमधून फायबरची हरणे मागवावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता लातूरकडे येते, कारण या विषयात सर्वांत जास्त शक्यता मला तिथे दिसतात. गंजगोलाई ही बाजारपेठ नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार आखली गेली, मधली दुमजली वास्तू १९१७ साली उभी राहिली, मध्यभागी देवीचे मंदिर आहे आणि सभोवार १६ रस्ते येऊन मिळतात. सोन्याच्या दागिन्यांपासून पादत्राणांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंतचा व्यापार या रस्त्यांवर पसरलेला आहे. शिल्पकाराच्या दृष्टीने ही मांडणी आधीच एक शिल्प आहे: मधले केंद्र, भोवतीचे वर्तुळ, आणि वर्तुळातून सुटणाऱ्या १६ दिशा. तिथे नवे काही करायचे असेल, तर त्याने मंदिराशी किंवा त्या वास्तूशी उंचीची स्पर्धा करता कामा नये. त्याने खाली राहावे, जमिनीत राहावे. १६ रस्त्यांच्या तोंडाशी फरशीत बसवलेल्या दगडी पट्ट्या, त्यांवर त्या त्या रस्त्याच्या व्यापाराची जुनी मापे आणि वजने कोरलेली, असे काहीतरी. आडतीचा व्यवहार करणाऱ्या घरांत शेर, पायली, अधोलीच्या आठवणी अजून आहेत. त्या दगडांवरून रोज हजारो पावले जातील, कोरीव कामाच्या कडा घासतील, आणि ते घासले जाणे हा त्या कामाचाच भाग असेल.

लातूरच्या उन्हाबद्दलही थोडे सांगते. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. लातूरला हे दिवस साधारणपणे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात, संभाजीनगरला मे महिन्यात काही दिवस उशिरा आणि जुलैत काही दिवस आधी, आणि वेळ घड्याळात साडेबाराच्या आसपासची असते. एखाद्या संकुलाच्या मधल्या चौकावर घुमट किंवा काचेचे छत येणारच असेल, तर त्यात एक छोटे गोल छिद्र असे ठेवता येते की वर्षभर त्यातून आलेला उन्हाचा ठिपका भिंतीवर आणि फरशीवर सरकत राहील आणि त्या दोन दिवशी तो चौकाच्या मध्यावरच्या पितळी चकतीवर येऊन बसेल. त्या दिवशी शाळांची मुले तिथे गोळा होतील, हे मी विश्वासाने सांगू शकते. यासाठी लागणारा खर्च एका मोठ्या प्रकाशमान फलकाहून फार वेगळा नसावा; पण छताचा आराखडा ठरण्याआधी शिल्पकार, वास्तुविशारद आणि खगोलाचे गणित जाणणारा शिक्षक एकत्र बसले तरच हे जमते, छत झाल्यावर नाही.

पाण्याबाबत मात्र मी थोडी कठोर बोलणार आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. ज्या शहराने हे पाहिले आहे, त्या शहरातल्या संकुलापुढे दिवसभर उडणारे कारंजे मला जागेकडे पाठ फिरवून उभे असल्यासारखे वाटते. त्याऐवजी छतावर पडणारे पावसाचे पाणी जिथून खाली उतरते तो पन्हाळीचा मार्गच शिल्प होऊ शकतो. दगडी कुंड्यांची उतरंड, प्रत्येक कुंडीवर पावसाच्या मिलिमीटरच्या खुणा, आणि शेवटची कुंडी भरली की पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात. कोरड्या वर्षी वरच्या दोन कुंड्याच ओल्या होतील आणि बाजारात आलेला शेतकरी ते पाहून पावसाचा अंदाज सांगेल. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाण्याच्या पातळीबरोबर रूप बदलणारी दगडी रचना किती सुंदर असते हे वेगळे सांगायला नको. संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे कालवे, आणि त्यांच्याच जातीच्या जलरचनेवर चालणारी पाणचक्की आहे. आपल्याकडे पाण्याला आकार देण्याची परंपरा अशी उपयोगातून आलेली आहे.

जालन्याला तर द्रव्य शोधायला बाहेर जावे लागत नाही. भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल ज्या शहरात आहेत, तिथल्या संकुलासाठी बाहेरून फायबर का आणावे? सळई वाकवणारे, गॅसने लोखंड कापणारे, वेल्डिंग करणारे कुशल हात तिथे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना लोखंडाची जाण कोणत्याही कलाशाळेतल्या शिक्षकापेक्षा जास्त आहे. शिल्पकाराने एक-दोन महिने कारखान्यात जाऊन त्यांच्याबरोबर काम करावे, कामाखाली त्यांची नावे कोरावीत, जशी कान्हदासाने आपली कोरली.

हिंगोली आणि वसमतच्या हळद बाजारासाठी मला कायमचे शिल्प नकोच आहे. उन्हाळ्यात हळदीची आवक जोरात असते तेव्हा त्या आवारातला रंग, वास आणि पोत्यांच्या थप्प्या यांना उत्तर देणारे तात्पुरते काम तिथे शोभेल. घानाचे कलाकार इब्राहिम महामा जुनी तागाची पोती शिवून त्यांचे प्रचंड पडदे इमारतींवर चढवतात. कोकोच्या आणि कोळशाच्या व्यापारात वापरली गेलेली, शिक्के आणि डाग असलेली ही पोती त्यांनी २०१५ साली व्हेनिसच्या बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, भिंतींवर लावली तेव्हा जगाने त्यांच्याकडे पाहिले. आपल्या मोंढ्यात बारदान्याला किंमत असते, पण फाटलेल्या पोत्याकडे कोणी पाहत नाही. त्या पोत्यांवर हमालांच्या हुकांच्या खुणा असतात, आडतीचे शिक्के असतात, गावांची नावे असतात. महामांची नक्कल करा असे मी सुचवत नाही. आपल्या आवारात काय पडलेले आहे ते एकदा कलाकाराच्या नजरेने पाहून घ्या, एवढेच म्हणते.

व्यवहारातल्या बाजारात कला कशी मावते, हे आपल्या देशातही करून झालेले आहे. मुंबईच्या ससून डॉकमध्ये २०१७ साली मासळीचा व्यापार चालू असतानाच गोदामांत मांडणशिल्पे आणि भित्तिचित्रे केली गेली. कोचीचे बिनाले २०१२ साली सुरू झाले ते मिरी, आले, हळद यांचा व्यापार करणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या समुद्रकाठच्या आवारात, म्हणजे अस्पिनवॉल हाउसमध्ये. आपल्या जुन्या मोंढ्यांतली रिकामी गोदामे आणि बंद पडलेले जिनिंगचे कारखाने पाहताना मला दर वेळी त्याची आठवण येते.

यात धोका कुठे आहे तेही आपल्याला सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये १९८१ साली रिचर्ड सेरा यांचे 'टिल्टेड आर्क' उभे राहिले: सुमारे ३६ मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून उंच अशी, किंचित कललेली, गंजलेल्या पोलादाची भिंत. ती खास त्या चौकासाठीच केलेली होती. पण तो चौक रोज ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती वाटेत आल्यासारखी वाटली, तक्रारी झाल्या, १९८५ साली जाहीर सुनावणी झाली, आणि १९८९ साली ती तुकडे करून उचलली गेली. हे काम इथून हलवणे म्हणजे ते नष्ट करणे, अशी सेरा यांची भूमिका होती, आणि कलाकार म्हणून मला ती पटते. तरीही त्या चौकात जेवणाचा डबा घेऊन बसणाऱ्यांना आधी कोणी काही विचारले होते का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. जागा म्हणजे भिंती, फरशी आणि ऊन एवढेच नव्हे. तिथे दुपारी सावलीला टेकणारा हमाल, फुलांची टोपली घेऊन बसणारी बाई, रिक्षाथांब्यावरचे लोक हेही त्या जागेत येतात. शिल्पाच्या निमित्ताने हातगाडीवाल्यांना हुसकावले जाणार असेल, तर ते शिल्प मी करणार नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही करू देणार नाही. कित्येक ठिकाणी उत्तम शिल्पाचे रूप माणसांना बसता येईल असा एक घडीव ओटा एवढेच असू शकते.

द्रव्याच्या निवडीत आपल्या हवामानाला फसवता येत नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हातल्या पोलादाला हात लावता येत नाही, आणि लहान मुले हात लावणारच. म्हणून पोलाद सावलीत किंवा हाताच्या उंचीच्या वर हवे. मुद्दाम गंजू दिलेल्या लोखंडातून पहिल्या काही पावसाळ्यांत तांबडे ओघळ उतरतात आणि शेजारची फरशी कायमची डागाळते, तेव्हा खाली खडीचा पट्टा आणि निचरा ठेवावा लागतो. फायबरचा रंग आपल्या उन्हात काही वर्षांत पांढुरका पडतो आणि वरचा थर भुकटीसारखा सुटू लागतो. आपला काळा बेसाल्ट मात्र शतकानुशतके तग धरतो. त्याच्या किमतीत घडाईची मजुरी मोठी असते, दगड स्वस्त असतो.

वजनाचा प्रश्न तर सुरुवातीलाच सोडवावा लागतो. दिल्लीतल्या साकेतच्या मॉलमध्ये किरण नाडर संग्रहालयाने सुबोध गुप्ता यांचे स्टीलच्या भांड्यांचे 'लाइन ऑफ कंट्रोल' मांडले, त्याचे वजन सुमारे २६ टन होते. असे काम कोणत्याही स्लॅबवर उद्या आणून ठेवता येत नाही. आपल्याला इतके अवाढव्य काही नको आहे, पण छतापासून २०० किलोचे काम टांगायचे असले तरी स्लॅब टाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याला ते माहीत हवे आणि हुक लोखंडी जाळीत आधीच अडकवलेले हवेत. मागाहून भोके पाडून टांगलेल्या कामाखालून माणसे चालत असतात.

पैशाबाबत आपल्यासारख्यांना मी काय सांगावे, पण एक दाखला देते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखून ठेवण्याचा नियम केला आणि नंतर अनेक शहरांनी तो उचलला. आपल्याकडे असा नियम होण्याची वाट न पाहता संघटनांनी आपल्या सभासदांसाठी तो ठराव म्हणून करावा. अर्धा टक्का ठेवलात तरी चालेल, पण त्यातला ठरावीक भाग देखभालीसाठी वेगळा काढा, कारण धूळ, कबुतरे आणि पानाच्या पिचकाऱ्या यांच्याशी सामना उद्घाटनानंतर सुरू होतो. आणि करार लेखी करा. अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भव्य ब्राँझ म्यूरल १९७९ साली कलाकाराला न विचारता उतरवले गेले, त्याची मोडतोड झाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली उरलेले अवशेष कलाकाराला परत देण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने काम विकल्यानंतरही कलाकाराचा त्याच्या कामावरचा नैतिक हक्क टिकतो. संकुलाचे नूतनीकरण झाले, मालकी बदलली, गाळा वाढवायचा ठरला, तर शिल्पाचे काय करायचे, कलाकाराला किती आधी कळवायचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर असले की दोन्ही बाजूंची पुढची कटुता टळते.

पुतळ्यांविषयी एक गैरसमज दूर करते. थोर पुरुषांचे पुतळे, त्यांची शासकीय परवानगी, त्यांचे पावित्र्य राखण्याची जबाबदारी हा स्वतंत्र विषय आहे आणि मी त्याबद्दल काही मागत नाही. मी ज्या कामांविषयी लिहिते आहे ती आपल्या खासगी आवारात, कोणा व्यक्तीची प्रतिमा न घडवता, बसणे, सावली, पाऊस, माल, वाट यांतून आकाराला येणारी आहेत.

म्हणून माझी प्रत्यक्ष मागणी अशी आहे. येत्या वर्षात प्रत्येक जिल्ह्याच्या व्यापारी संघटनेने आपल्या सभासदांपैकी एकाचे, नकाशाच्या टप्प्यावर असलेले संकुल किंवा बाजार समितीचे एक आवार निवडावे. त्यासाठी मराठवाड्यातील कलाकारांकडून प्रस्ताव मागवावेत, अंतिम यादीत आलेल्या तीन-चार जणांना प्रस्तावाचे मानधन द्यावे, कारण फुकट मागितलेल्या कल्पनांसाठी कोणी जागेवर आठ दिवस बसून निरीक्षण करत नाही. निवड समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि एक शिल्पकार यांच्याबरोबर हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी आणि तिथे बसणारा एक फेरीवाला असावा. पहिले काम तात्पुरते, एका हंगामापुरते करून पाहावे. लोक त्याभोवती कसे वावरतात ते पाहून कायमचे काय ठेवायचे ते ठरवावे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून दरवर्षी जी मुले शिकून बाहेर पडतात, त्यांतली कितीतरी पुण्या-मुंबईला निघून जातात. त्यांना आपल्याच पेठेत पहिले काम मिळू शकेल.

आपल्यापैकी ज्यांचे नकाशे सध्या मंजुरीसाठी गेले आहेत, त्यांनी स्लॅबचे आराखडे पक्के होण्यापूर्वी एकदा शिल्पकाराला जागेवर बोलवावे, सकाळी बाजार भरताना आणि पुन्हा भर दुपारी. त्या पहिल्या भेटीचे मी आणि माझे सहकारी कोणतेही मानधन घेणार नाही. जागेचा नकाशा, उत्तर दिशेची खूण आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने उतरते याची माहिती आपण तयार ठेवली, तर त्याच दिवशी कामाला सुरुवात करता येईल.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक शिल्पकार व कलाशिक्षिका